शिसवी आणि शीशम: नावं जवळची, झाडं दोन

दुकानदार 'शीशम' म्हणाला, की आपल्या डोळ्यांपुढे आजोळचा शिसवी झोपाळा उभा राहतो. गफलत इथेच होते. दोन्ही झाडं 'डालबर्जिया' या एकाच प्रजातीतली, पण जाती वेगळ्या. आपली शिसवी म्हणजे डालबर्जिया लॅटिफोलिया, सह्याद्रीच्या आणि दख्खनच्या जंगलांतली. शीशम म्हणजे डालबर्जिया सिस्सू, हिमालयाच्या पायथ्याशी नदीकाठच्या गाळात वाढणारा. पंजाबात त्याला टाहली म्हणतात.

झाड समोर असेल तर पान बघा. शिसवीची पर्णिका, म्हणजे पानातलं एकेक छोटं पान, टोकाला गोलसर, कधी किंचित खाचेची. शीशमची टोकाशी निमुळती, छोट्या पिंपळपानासारखी, आणि ज्याच्यावर ती लागते तो देठ नागमोडी.

लाकडाचं मात्र नीट सांगायला हवं, कारण फसगत तिथे होते. आमच्या घरच्या जुन्या शिसवी पाटाचा कोपरा उडाला, तेव्हा सुताराने त्यावर रंधा मारला. वर्षानुवर्षांच्या तेलामळीचा थर निघाला आणि खालून जांभळट तपकिरी लाकूड वर आलं, मधून काळ्या रेघा. तो रंग लाकडाच्या गाभ्यातलाच. शीशमचा गाभा सोनेरी ते गडद तपकिरी असतो. त्यावर काळपट पॉलिश चढवलं की नवखा माणूस त्याला शिसवीच समजतो.

म्हणून शीशम हलका माल ठरत नाही. तो कणखर आणि टिकाऊ आहे, सहारनपूरचं कोरीवकाम त्यावरच उभं आहे. शिवाय तो लवकर वाढतो आणि भरपूर लावला जातो. शिसवी फार सावकाश वाढते, आणि बेसुमार तोडीमुळे आज ती असुरक्षित जातींत मोडते. मला याचंच जास्त वाईट वाटतं. जानेवारी २०१७पासून 'साइट्स' या, धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या करारात ही जवळपास सगळी प्रजातीच आली आणि शीशमच्या हस्तकलेच्या निर्यातीलाही परवाने लागू झाले. पुढे २०२२मध्ये पनामाच्या बैठकीत, १० किलोपेक्षा कमी शीशम असलेल्या वस्तूंना त्यातून मोकळीक मिळाली.

तेव्हा 'शिसवी' म्हणून कुणी मोठी किंमत सांगितली, तर खण बाहेर ओढा आणि मागची, पॉलिश न लागलेली बाजू उजेडात धरा. जांभळी झाक नसेल तर आधी 'हे कुठलं लाकूड?' असं स्पष्ट विचारा, भाव नंतर. आणि घरात जुनी शिसवी असेल, तर ती भंगारवाल्याला देऊ नका.