चेहरा वाचण्यात बायका पुढे का? एका जुन्या प्रश्नाची पार्श्वभूमी

फ्रेंच डॉक्टर ड्यूशेन यांनी १८६२ साली एका दात पडलेल्या म्हाताऱ्याचे फोटो प्रसिद्ध केले. त्याच्या चेहऱ्याला जवळपास संवेदनाच नव्हती. त्यामुळे विजेची टोकं टेकवून एकेक स्नायू आखडवता यायचा आणि चेहऱ्यावर भीती, वेदना, हसू हवं तसं उमटवता यायचं. पुढे चार्ल्स डार्विननं यातले काही फोटो काहीही न सांगता वीसेक सुशिक्षित लोकांना दाखवले आणि विचारलं, याला काय वाटत असेल? बघणाऱ्यांत स्त्रियाही होत्या, पुरुषही. डार्विनला मात्र रस होता तो उत्तरं एकमेकांशी जुळतात का, यातच.

स्त्रियांबद्दलचं मत त्यानं १८७१ मध्ये लिहून ठेवलं होतं. अंतःप्रेरणा आणि चटकन जाणण्याची शक्ती त्यांच्यात जास्त असते, असं सर्वसाधारणपणे मानलं जातं. पण लगेच पुढे, यातल्या काही शक्ती ‘खालच्या वंशांच्या’, मागे राहिलेल्या अवस्थेच्या खुणा आहेत! कौतुक करता करता ते काढूनही घेतलं. मला हे वाक्य खटकतं, कारण ‘बाईला न सांगता कळतं’ या समजुतीमागे ‘तिला विचार करावा लागत नाही’ हे गृहीत किती सहज दडलेलं असतं, ते इथे उघड दिसतं.

नीट मोजमाप झालं ते विसाव्या शतकात. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट रोझेंथाल आणि सहकाऱ्यांनी बनवलेल्या चाचणीत एक तरुण स्त्री वीस प्रसंग वठवते. दोन-दोन सेकंदांचे २२० तुकडे, आणि प्रत्येकावरून प्रसंग ओळखायचा. कधी फक्त चेहरा, कधी फक्त धड, कधी नुसता आवाज, तोही शब्द कळणार नाहीत असा गाळलेला. या गटातल्या ज्युडिथ हॉल यांनी १९७८ मध्ये चेहरा, देहबोली आणि आवाज यांवरचे ७५ अभ्यास एकत्र तपासले. स्त्रिया सरासरीनं पुढे होत्या, पण फरक बेताचा होता. शंभर वेळा एक स्त्री आणि एक पुरुष सहज उचलून तुलना केली, तर साधारण साठ वेळा स्त्री सरस ठरेल, एवढाच. उरलेल्या चाळीस वेळांचा विसर लोकांना फार लवकर पडतो.

मग खरा वाद पेटला तो कारणांवरून. सारा स्नॉडग्रास यांनी १९८५ मध्ये जोड्या लावून एकाला शिकवणाऱ्याची, दुसऱ्याला शिकणाऱ्याची भूमिका दिली. समोरच्याला आपल्याबद्दल काय वाटतंय, हे शिकणाऱ्याला जास्त अचूक कळत होतं, मग तो पुरुष असो वा स्त्री. साहेबाचा मूड हाताखालच्या माणसाला आधी कळतो, तसंच हे. म्हणजे स्त्रियांना जास्त कळतं ते त्यांचं स्थान दुय्यम असतं म्हणून, हे स्पष्टीकरण मला फार पटलं होतं. पण हॉल आणि एमी हॅल्बरस्टॅट यांनी १९९४ मध्ये नोकरी करणाऱ्या विवाहित स्त्रियांचा अभ्यास केला, तेव्हा त्याला आधार मिळाला नाही. शिवाय एरिन मॅक्ल्युअर यांच्या २००० सालच्या आढाव्यात लहान मुलांमध्येही मुली थोड्या पुढे दिसल्या.

आणखी एक धागा इच्छेचा. क्रिस्टी क्लाइन आणि सारा हॉजेस यांनी २००१ मध्ये, समोरच्याच्या मनातलं अचूक ओळखलं तर पैसे देऊ, असं सांगून बघितलं. दोघांचीही अचूकता वाढली आणि स्त्री-पुरुषांतला फरक उरला नाही. तिथे प्रश्न फक्त चेहऱ्याचा नव्हता, बोलणंही ऐकू येत होतं. तरीही ‘पुरुषांना कळतच नाही’ ही सबब त्यानंतर टिकणं अवघड आहे.

अलीकडची मोठी नोंद २०२२ ची. सायमन बॅरन-कोहेन यांच्या गटाची चाचणी अशी की फक्त डोळ्यांचा भाग दिसतो आणि त्या माणसाच्या मनातलं सांगणारा शब्द चारांतून निवडायचा. अशी ३६ चित्रं. ५७ देशांतल्या तीन लाखांहून जास्त लोकांनी ती सोडवली. ३६ देशांत स्त्रिया सरासरीनं पुढे होत्या, २१ देशांत दोघं सारखेच, पुरुष पुढे एकाही देशात नाहीत. हे जन्मजात की वाढवण्यातून आलेलं, हे या आकड्यांवरून ठरत नाही. तिथले डोळे फोटोतले आणि स्थिर आहेत, आणि ती व्यक्ती बघणाऱ्याची कोणीच लागत नाही.