मोतद्दाराचं गाणं आणि ठाण्याचा तुरुंग

ठाण्याचं मध्यवर्ती कारागृह हा मुळात किल्ला आहे, हे ठाण्यात हयात काढलेल्यांनाही पुष्कळदा ठाऊक नसतं. पोर्तुगीजांनी तो बांधायला घेतला आणि काम पुरं होण्याआधीच, १७३७ मध्ये, मराठ्यांनी ठाण्यासकट साष्टी बेट जिंकलं. डिसेंबर १७७४ मध्ये तो इंग्रजांकडे गेला. राघोजी भांगरे आणि अनंत कान्हेरे यांना फाशी दिली ती याच तटाच्या आत. पण इथून एक कैदी पळालाही, आणि त्या पळण्याला मदत झाली ती चक्क एका गाण्याची.

कैदी होता त्रिंबकजी डेंगळे. साधा जासूद म्हणून सुरुवात करून दुसऱ्या बाजीरावाचा उजवा हात झालेला माणूस. जुलै १८१५ मध्ये पंढरपुरात गंगाधरशास्त्री पटवर्धनांचा खून झाला. शास्त्री बडोद्याच्या गायकवाडांचे वकील, म्हणजे दूत, हिशेबाच्या बोलणीसाठी आलेले, आणि त्यांच्या जिवाची हमी इंग्रजांनी घेतलेली. पुण्याचा रेसिडेंट, म्हणजे पेशव्यांच्या दरबारातला इंग्रजांचा प्रतिनिधी, एल्फिन्स्टन याने ठपका त्रिंबकजीवर ठेवला. बाजीरावाने बरेच आढेवेढे घेतले, पण शेवटी त्याला स्वाधीन करावं लागलं. त्याची रवानगी ठाण्याला झाली.

पहाऱ्यावर मुद्दाम गोरे सोल्जर नेमले होते. देशी शिपाई फितूर होतील ही धास्ती. खबरदारी तशी रास्तच, पण नेमकी तीच अंगाशी आली. किल्ल्यातल्या एका इंग्रज अधिकाऱ्याकडे मराठी मोतद्दार, म्हणजे घोड्याची निगा राखणारा नोकर, होता. साहेबाचा घोडा फिरवायच्या निमित्ताने तो त्रिंबकजीच्या खिडकीखालून ये-जा करी आणि आपल्याच नादात असल्यासारखा गाई. कुठे काय तयारी आहे ते सगळं गाण्यातच. पहारेकऱ्यांना मराठीचं अक्षर कळत नव्हतं. नोकर गातोय, गाऊ दे.

हे गाणं पुढे कलकत्त्याचा इंग्रज बिशप हेबर याने इंग्रजी पद्यात उतरवलं. त्याचा मतलब असा: झुडपाआड तिरंदाज दबा धरून आहेत, झाडाखाली घोडा उभा आहे, पंचावन्न घोडे आहेत पण स्वार चोपन्नच; पंचावन्नावा घोड्यावर बसला की दख्खनला पुन्हा बरे दिवस येतील. पद्याला हेबरने आपल्या पदरचा रंग चढवला असणारच. बखरकारांना जमलं नाही ते साहेबाने टिपून ठेवलं, हेही नसे थोडके.

१२ सप्टेंबर १८१६ रोजी त्रिंबकजी निसटला. वाट होती शौचकूपाच्या भिंतीला पाडलेल्या भोकातून. पुढच्या वर्षी मे महिन्यात एल्फिन्स्टनने त्याला हजर करण्याची मागणी केली आणि तोवर तारण म्हणून सिंहगड, पुरंदर आणि रायगड मागून घेतले. जूनमध्ये बाजीरावाला पुण्याचा जाचक तह करावा लागला, नोव्हेंबरात खडकीची लढाई झाली आणि जून १८१८ मध्ये पेशवाई संपली. पेशवाई काही एका भोकामुळे बुडाली नाही, तिची कारणं कितीतरी जुनी. पण इंग्रजांना हवं होतं ते निमित्त ठाण्यातून मिळालं.

१८१८ मध्येच त्रिंबकजी पुन्हा सापडला. या वेळी त्याला ठाण्यात न ठेवता थेट गंगाकाठच्या चुनारच्या किल्ल्यात पाठवलं. १८२९ मध्ये तो तिथेच वारला. त्याआधी १८२४ मध्ये हेबर चुनारला जाऊन आला होता. त्याने नोंदवलंय की त्रिंबकजीवरचा पहारा फार कडक आहे, आणि पहाऱ्याला गोऱ्यांच्या जोडीने देशी शिपाईही आहेत.