फ्रँक फर्नांड यांची कोकणी चित्रनिर्मिती

कुडचडे (गोवा) येथील संगीतकार फ्रँक फर्नांड (१९१९–२००७) यांनी स्वतःच्या कमाईवर उभी केलेली चित्रसंस्था. तिला ना स्वतःचा स्टुडिओ होता, ना पाठीशी कोणी सावकार. मुंबईच्या नाच-वाद्यवृंदांत आणि पुढे हिंदी चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणांत ट्रम्पेटवादक व संगीत-संयोजक म्हणून साठवलेला पैसा हेच तिचे भांडवल.

कोकणी चित्रपटाची सुरुवात त्याआधीच, २४ एप्रिल १९५० रोजी, जेरी ब्रागांझा यांच्या एटिका पिक्चर्सच्या ‘मोगाचो आंवडो’ने झाली होती. मात्र त्यातून उद्योग उभा राहिला नाही. गोवा मुक्त झाल्यावर दोन वर्षांनी, १९६३ मध्ये, फर्नांड यांचा ‘आमचें नशीब’ आला. दिग्दर्शन ए. सलाम यांचे, प्रमुख भूमिकांत सी. आल्वारिस आणि रिटा लोबो. तियात्रात (कोकणी संगीत-रंगभूमीत) मुरलेले कलावंत घेतल्यामुळे नवे चेहरे घडवण्याचा खर्च वाचला आणि प्रेक्षकही आपसूक मिळाला. चित्रपटातली ‘मोळबायलो दोव’सारखी गाणी अजूनही लग्नसमारंभांत वाजतात.

१९६६चा ‘निर्मोण’ हा संस्थेचा कळस. इंग्रजी कवी टेनिसनच्या ‘ईनक आर्डन’ या काव्याशी नाते सांगणारी ही कथा: बोटीवर गेलेला नवरा मेला असे समजून बायको दुसरे लग्न करते आणि तो परततो. गोव्यात ही गोष्ट परकी वाटण्याचे कारणच नव्हते. बार्देश-साष्टीतल्या घराघरांतले पुरुष तारवटी (खलाशी) म्हणून बोटींवर होते आणि मुंबईत धोबीतलावच्या कुडींत, म्हणजे गोमंतकीयांच्या सामाईक निवासांत, उतरून पुढच्या बोटीची वाट पाहत होते. नायिका शालिनी मार्डोळकर, नायक पुन्हा आल्वारिस, विनोदाला जासिंत वाझ. राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत त्याला गुणवत्ता प्रमाणपत्र मिळाले.

तरीही बाजारपेठ तोकडीच राहिली. गोव्यातली मोजकी चित्रपटगृहे आणि मुंबईतला गोमंतकीय समाज, एवढाच तिचा पल्ला. त्यातही मराठी नाटकांवर वाढलेला गोव्यातला हिंदू प्रेक्षक कोल्हापूर-पुण्याच्या चित्रपटांना सरावलेला होता. तियात्राच्या वळणाची कोकणी त्याच्या सवयीची नव्हती. मार्डोळकरांसारखी नायिका असूनही ही दरी किती बुजली, याबद्दल शंकाच आहे. ‘निर्मोण’ची कथा खऱ्या अर्थाने दूरवर गेली ती राजश्री प्रॉडक्शन्सच्या ‘तकदीर’ (१९६७) या हिंदी अवतारातून. तिथेही दिग्दर्शक सलाम आणि नायिका शालिनीच होत्या.

या यशाने हुरूप येऊन फर्नांड हिंदीकडे वळले. इथेच घात झाला असे म्हणावे लागते. कोकणीत ओळखीपाळखीवर भागणारे काम हिंदीत नटांच्या तारखा, वितरक आणि व्याज यांवर अडते. संजीवकुमार व तनुजा यांचा ‘प्रिया’ (१९७०) साफ पडला. त्यानंतर जया भादुरी, विनोद मेहरा आणि अमरीश पुरी यांना घेऊन ‘आहट’ सुरू झाला. पण दरम्यान फर्नांड यांना कंपवाताने गाठले, काम रखडले आणि आयुष्यभराची पुंजी त्यात गेली. ‘आहट’ पडद्यावर आला तो २०१० मध्ये, निर्मात्याच्या मृत्यूनंतर.

कोकणीतला पहिला रंगीत चित्रपट ‘भुंयारांतलो मनीस’ (१९७७) काढणारे ख्रिस पेरी हेही वादकच. इफ्फी हा भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव २००४ मध्ये पणजीला आला, पुढे गोमंतकीय चित्रपटांसाठी सरकारी अर्थसाहाय्यही सुरू झाले; फर्नांड यांच्या काळात अशी कोणतीच सोय नव्हती.