सजातीय पदे

बैजिक राशीतील ज्या पदांचा अक्षरभाग, म्हणजे चले आणि त्यांचे घातांक, तंतोतंत सारखा असतो, ती सजातीय पदे. त्यांचे सहगुणक (अक्षरभागाला गुणणाऱ्या संख्या) चिन्हांसह मिळवून त्यांच्या जागी एकच पद लिहिले की राशीला सरळ रूप येते. उदा., ४अ²ब − ७अब + ३बअ + २अ²ब + ५ = ६अ²ब − ४अब + ५. अ²ब आणि अब यांत अक्षरे तीच असली तरी घातांक वेगळे आहेत. ती विजातीय पदे वेगळीच राहतात.

या कृतीला आधार वितरण नियमाचा आहे : −७अब + ३अब = (−७ + ३)अब. मात्र बअ आणि अब सजातीय ठरतात ते गुणाकार क्रमनिरपेक्ष असतो म्हणून. मॅट्रिक्सच्या (संख्यांच्या आयताकृती मांडणीच्या) गुणाकारात तसे नसल्याने तिथे ही दोन पदे सामान्यतः एकत्र करता येत नाहीत.

नियमाचे स्पष्ट विधान ब्रह्मगुप्ताच्या ब्राह्मस्फुटसिद्धांतात (इ. स. ६२८) कुट्टकाध्यायात आढळते. अव्यक्त (अज्ञात राशी), त्याचा वर्ग, घन व पुढचे घात यांपैकी तुल्य असतील त्यांची बेरीज-वजाबाकी करावी, अतुल्य वेगळे ठेवावेत, असे तो सांगतो. भास्कराचार्यांनी बीजगणित या ग्रंथात (सु. ११५०) ‘समानजाति’ असा शब्द योजला आहे, आजचा ‘सजातीय’ त्याच्या अगदी जवळचा. भारतीय लेखनपद्धतीत हा नियम डोळ्यांना दिसतो. ‘या’ म्हणजे यावत्तावत् (अज्ञात राशी), ‘याव’ तिचा वर्ग आणि ‘रू’ म्हणजे रूप (अचल पद). पृथूदकस्वामी (सु. नववे शतक) याच्या ब्राह्मस्फुटसिद्धांतावरील टीकेतील एक समीकरण असे मांडले जाते :

याव ० या १० रू ८ं
याव १ या ० रू १

८ वरील टिंब ऋणचिन्ह आहे. आजच्या लेखनात १०क्ष − ८ = क्ष² + १. नसलेल्या पदासाठीही शून्य सहगुणक लिहून घर राखलेले असल्याने सजातीय पदे आपोआप एकाखाली एक येतात आणि समशोधन, म्हणजे एका बाजूतून दुसरी वजा करणे, स्तंभवार करता येते.

बगदादचा गणिती अल्-ख्वारिझ्मी याच्या बीजगणितावरील ग्रंथाच्या (सु. ८२०) नावातील ‘अल्-जब्र’ व ‘अल्-मुकाबला’ या संज्ञांच्या अर्थाविषयी मतभेद आहेत. प्रचलित मतानुसार जब्र म्हणजे वजा पद दुसऱ्या बाजूस मिळवून भरून काढणे आणि मुकाबला म्हणजे दोन्ही बाजूंची सजातीय पदे एकमेकांतून वळती करणे. गणिताचे इतिहासकार सॉलोमन गांझ यांनी १९२६ मध्ये ‘जब्र’चा संबंध समानतेचा अर्थ असलेल्या एका अ‍ॅसिरियन शब्दाशी जोडला. ग्रंथातील प्रत्यक्ष उदाहरणे पाहता प्रचलित अर्थ अधिक ग्राह्य वाटतो. फ्रेंच गणिती फ्रांस्वा व्हिएत याचा समघाततेचा नियम (१५९१) मात्र याहून वेगळा : तो समान परिमाणाच्या राशींविषयी आहे, सारख्या अक्षरभागाविषयी नाही.

सजातीयता वरवर पाहून नेहमी ओळखता येत नाही. √२ आणि √८ भिन्न दिसतात, पण √८ = २√२ असल्याने त्यांची बेरीज ३√२, म्हणजेच √१८ येते. भास्कराचार्यांनी करणींच्या (ज्यांचे पूर्ण वर्गमूळ निघत नाही अशा संख्यांच्या वर्गमुळांच्या) प्रकरणात हीच जोडी घेतली असून तिच्या शेजारी ३ व ७ या करणी दिल्या आहेत. दोन करणी एकत्र करता येण्यासाठी त्यांच्या गुणाकाराचे पूर्ण वर्गमूळ निघावे लागते. २ × ८ = १६ चे ते निघते, ३ × ७ = २१ चे निघत नाही. म्हणून √३ आणि √७ वेगळेच लिहावे लागतात.