3 जिंकल्या, 9 हरल्या, तरी टीम चांगली होती का?

नेब्रास्का युनिव्हर्सिटीची टीम 2021 ला 12 मॅच खेळली आणि त्यातल्या फक्त 3 जिंकली. एवढंच ऐकलं तर कोणीही म्हणेल की पुढच्या वर्षी ह्यांच्यावर पैसे लावणं म्हणजे पाण्यात घालणं. पण त्याच टीमने सीझनभरात 335 पॉइंट केले आणि 272 दिले, म्हणजे 63 ने प्लसमध्ये! हे जमलं कसं ते बघायला मला भारी आवडतं, कारण टीमचा अंदाज कसा बांधायचा ह्याचं सगळं शास्त्र ह्या एका सीझनमध्ये सापडतं.

आधी थोडं बॅकग्राउंड. हे अमेरिकन फुटबॉल, हेल्मेटवालं, लांबुळक्या बॉलचं. 2018 ला तिथल्या सुप्रीम कोर्टाने राज्यांना आडवा येणारा केंद्राचा कायदा रद्द केला, तेव्हापासून बऱ्याच राज्यांत बेटिंग उघडपणे चालतं (आपल्याकडे असला सट्टा बेकायदेशीरच आहे). सीझनच्या आधी बुकी प्रत्येक टीमसाठी एक आकडा काढतात, समजा 7.5, आणि तुम्ही सांगायचं की टीम 8 किंवा जास्त जिंकेल का 7 किंवा कमी.

आता ते 9 पराभव बघा: 8, 7, 3, 3, 7, 5, 9, 7, 7 पॉइंटनी. एका टचडाउनला (बॉल समोरच्या टीमच्या टोकाच्या पट्ट्यात नेणं) त्यानंतरची किक धरून साधारण 7 मिळतात, जास्तीत जास्त 8, म्हणजे 9 पैकी 8 मॅच एकाच चालीच्या अंतराने गेल्या. आणि जिंकल्या त्या 45, 25 आणि 49 ने. आपण क्रिकेटमध्ये नेट रनरेट बघतो तसंच इथे जिंकल्या-हरल्यापेक्षा पॉइंटचा फरक पुढच्या वर्षाबद्दल जास्त खरं सांगतो. त्याचा एक फॉर्म्युलाच आहे, बेसबॉलसाठी आकडेतज्ज्ञ बिल जेम्सने काढलेला, केलेल्या आणि दिलेल्या पॉइंटचा वर्ग घ्यायचा आणि त्यावरून जिंकण्याचं प्रमाण काढायचं, फुटबॉलला वर्गाऐवजी 2.37 चा घात घेतात. नेब्रास्काचे आकडे टाकले तर 12 पैकी जवळपास 7.5 विजय येतात. प्रत्यक्षात झाले 3.

पण इथे घाई करायची नाही. त्या 45 ने जिंकलेल्या मॅचमध्ये समोर फोर्डहॅम होती, खालच्या डिव्हिजनची टीम. ती मॅच काढली तर 11 मॅचमध्ये 283 विरुद्ध 265 उरतात आणि फॉर्म्युला म्हणतो साधारण 6 विजय. तरी प्रत्यक्षातल्या 2 पेक्षा बरेच जास्त.

मग फरक कुठे गेला? बराचसा नशिबात. हातातून सुटलेला बॉल पुढे कोणाच्या हाती लागेल हे जवळपास नाणेफेक असतं, बॉलचा आकारच असा की तो कुठेही उडतो, आणि अटीतटीच्या मॅचचा निकाल अशा एखाद्या उडीवर फिरतो. असलं नशीब दरवर्षी तसंच राहत नाही, म्हणून 2022 ला नेब्रास्का वर येणार असं बऱ्याच लोकांना वाटलं, आणि ते लॉजिक बरोबरच होतं.

झालं काय? 4 विजय, 8 पराभव. पहिलीच मॅच डब्लिनमध्ये नॉर्थवेस्टर्नकडून 31-28 ने गेली, तिसऱ्या पराभवाची वाटही बघितली नाही, जॉर्जिया सदर्नने 45-42 ने हरवल्यावर दुसऱ्या दिवशी कोच स्कॉट फ्रॉस्टला काढलं. त्याच्या हाताखाली सगळे सीझन मिळून टीमने एका चालीच्या अंतराच्या मॅच 5 जिंकल्या आणि 22 हरल्या! प्रत्येक मॅच 50-50 धरली तर 27 पैकी 5 किंवा कमी जिंकण्याची शक्यता साधारण 1300 मध्ये एक, म्हणजे हे नुसतं नशीब वाटत नाही. पण टीम थोडी कमजोर धरून 40 टक्के घेतले तर तीच शक्यता 65 मध्ये एक होते, आणि वरच्या डिव्हिजनमध्ये 130 च्या आसपास टीम आहेत, म्हणजे त्यातल्या एखाद-दोन टीमच्या वाट्याला असं यायचंच. मला वाटतं दोन्ही होतं, खराब नशीब आणि शेवटच्या क्षणी चुकणारी टीम, आणि एका सीझनचे आकडे ह्या दोन गोष्टी वेगळ्या करून देत नाहीत.

शिवाय टीम तीच राहतेच कुठे? क्वार्टरबॅक (बॉल फेकून चाल चालवणारा मुख्य खेळाडू) एड्रियन मार्टिनेझ कॅन्सस स्टेट युनिव्हर्सिटीला गेला, टेक्सस युनिव्हर्सिटीतून केसी थॉम्पसन आला. म्हणून चांगली मॉडेल्स जुने पॉइंट, परत येणारे खेळाडू आणि नवीन भरती, सगळं एकत्र तोलतात.

आणि समजा हे सगळं अगदी अचूक कळलं, टीम प्रत्येक मॅच 60 टक्के जिंकणार हे देवाने येऊन सांगितलं, तरी 12 मॅचमध्ये सरासरी 7.2 विजय आणि त्याच्या आजूबाजूला 1.7 चा हेलकावा राहतो. म्हणजे 5 पण येऊ शकतात आणि 9 पण. त्यात बुकी 100 जिंकायला साधारण 110 लावायला लावतो, म्हणजे नुसतं बरोबरीत राहायला 52.4 टक्के वेळा बरोबर यावं लागतं. कोणी 55 टक्के बरोबर सांगत असेल तर ते नाणेफेकीपेक्षा वेगळं आहे असं ठामपणे म्हणायला 400 च्या आसपास बेट लागतात, आणि एकेका टीमवर वर्षाला एक लावला तरी त्याला तीन सीझन जातात.