हळदीला सोबत तेलाची

हळद पाण्यात विरघळत नाही. पेलाभर पाण्यात चमचाभर टाकून ढवळली तर पाणी पिवळं दिसतं खरं, पण पेला थोडा वेळ तसाच ठेवला की पूड तळाशी बसते. चिमूटभर हळद कोमट खोबरेल तेलात घातली तर मात्र ते तेल सोनेरी होतं आणि तसंच राहतं. गोव्यातल्या लग्नघरात सवाष्णी आंब्याच्या पानाने नवरीला हळद लावतात, तेव्हा शेजारी तेलाची वाटी असतेच. रीत म्हणून आपण ते करत आलो, पण रसायनशास्त्राच्या दृष्टीने पाहिलं तर यापेक्षा योग्य जोडी सापडणार नाही.

हळदीचा रंग मुख्यतः कुरकुमिन या द्रव्याचा. वाळलेल्या हळदीत ते साधारण २ ते ५ टक्के असतं. १८१५ साली ते प्रथम वेगळं काढलं गेलं आणि त्याची रेणूरचना १९१० मध्ये उलगडली. हा रेणू पाण्यापासून दूर राहतो आणि तेला-तुपात सहज मिसळतो. आपल्या त्वचेचा सगळ्यात वरचा थर मृत पेशींचा असतो आणि त्या पेशींमधल्या फटी स्निग्ध द्रव्यांनी भरलेल्या असतात. तेलातून आलेलं कुरकुमिन तिथे शिरतं आणि अडकून बसतं. म्हणून लग्नाची हळद आंघोळ करूनही दोन-तीन दिवस हातापायांवर टिकते. वरच्या पेशी झडल्या की तिचा रंगही जातो.

दक्षिण गोव्याच्या सासष्टीतल्या ख्रिस्ती घरांत लग्नाआधी ‘रोस’ होतो. तिथे मान नारळाच्या रसाचा. धर्म वेगळा झाला, पण लग्नाआधी अंगाला नारळ लावायची रीत दोन्ही घरांत राहिली, हे मला फार मोलाचं वाटतं. १५६३ मध्ये गोव्यातच छापलेल्या गार्सिया द ऑर्ता या वैद्याच्या ग्रंथात हळदीवर स्वतंत्र संवाद आहे. युरोपातून आलेल्या माणसालाही ही मुळी दुर्लक्षिण्याजोगी वाटली नव्हती.

कुळागरातून, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेतून, आणलेला हळदीचा ओला गड्डा सहाणेवर खोबरेलाचे दोन थेंब घालून उगाळून पाहा. निघणारा लेप पिवळ्यापेक्षा नारिंगीकडे झुकतो आणि त्याला कच्चा, मातकट वास येतो. आता त्या बोटाला अंगाचा साबण लावा. बोट एकदम तांबूस होईल. साबण अल्कधर्मी असतो आणि अल्कलीत कुरकुमिन पिवळ्याचं लाल होतं. हळदीला चुना लावून कुंकू करतात, तेही याच गुणावर. पण अल्कलीत कुरकुमिन नुसता रंग बदलून थांबत नाही, ते भराभर मोडूही लागतं. त्यामुळे हळदीच्या लेपात खायचा सोडा घालायचे जे उपाय मोबाइलवर फिरतात, ते मला पटत नाहीत. हळद तर वाया जातेच, शिवाय सोड्याने कातडीची नैसर्गिक आम्लता बिघडते. लेप काढायला बेसन किंवा मसुराचं पीठच बरं.

मग हळद त्वचेचं खरोखर भलं करते का? प्रयोगशाळेतल्या पेशींवर कुरकुमिन दाह वाढवणारे संदेश दाबतं, हे अनेकदा दिसलं आहे. माणसांवरच्या चाचण्या मात्र लहान आणि उलटसुलट निष्कर्षांच्या आहेत. २०१७ मध्ये औषधरसायनशास्त्रज्ञांच्या एका गटाने कुरकुमिनवरच्या संशोधनाचा आढावा घेतला आणि हा रेणू फार अस्थिर, अंगात मुरायला अवघड आणि औषध म्हणून अजून सिद्ध न झालेला असल्याचं स्पष्ट लिहिलं. हळदीने कोणी गोरंही होत नाही. जी झळाळी दिसते ती रंगाची असते. लग्न ठरलेल्या मुलींना यावरून ऐकवलं जातं, ते थांबायला हवं.

इथे गोव्यातल्या माशेल गावाची आठवण येणारच. मार्च १९९५ मध्ये अमेरिकेतल्या मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखमेवर हळद वापरण्याचं पेटंट मिळालं. त्याला भारताच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने आव्हान दिलं. परिषदेचे महासंचालक होते माशेलला जन्मलेले डॉ. रघुनाथ माशेलकर. संस्कृत ग्रंथांतले उल्लेख आणि इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकातला १९५३ चा लेख असे पुरावे मांडले गेले आणि १९९७ मध्ये पेटंट रद्द झालं. याचा अभिमान वाटावा असंच ते काम आहे. पण निकाल हा उपयोग नवा नाही एवढ्यापुरता होता, हळद जखम किती बरी करते याचा नव्हता. या दोन गोष्टींची सरमिसळ अनेकदा होते.

बाजारातल्या पुडीची चिंता वेगळीच. भडक दिसावी म्हणून हळदीत मेटॅनिल यलो हा कृत्रिम रंग किंवा शिशाचं क्रोमेट मिसळल्याची प्रकरणं उघडकीस आलेली आहेत, आणि शिसं लहान मुलांच्या मेंदूला घातक. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात अख्खी हळकुंडं मिळतात. ती आणून दळलेली चांगली. शुद्ध हळदीचीही काहींना ॲलर्जी असते, तेव्हा चेहऱ्याआधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस वाट पाहावी.

नरकचतुर्दशीला पहाटे नरकासुर जाळून झाला, कारीट फोडलं की अंगाला उटणं लागतं. त्यात आंबेहळद आणि कचोरा असतात. या हळदीच्याच कुळातल्या, पण कुरकुमिन फार कमी असलेल्या जाती. म्हणून उटण्याचा सुगंध दरवळतो, पण अंग पिवळं होत नाही. श्रावणात हळदीच्या पानात वाफवलेल्या पातोळ्यांना येणारा वासही त्या पानातल्या उडून जाणाऱ्या तेलांचा, रंगाशी त्याचा संबंध नाही.

केसांच्या बाबतीत मी हळदीची शिफारस करणार नाही. केस केरॅटिन या प्रथिनाचा, लोकरही त्याचीच, आणि हळद लोकरीला सहज रंगवते. पिकलेल्या केसांवर ती लावली तर ते पिवळे दिसतात. कोंडा होतो तो बहुधा मॅलॅसेझिया या बुरशीच्या वाढीमुळे आणि त्यावर हळदीचा घरगुती लेप चालतो असा भक्कम पुरावा नाही. खोबरेलाचं तसं नाही. त्यातलं लॉरिक आम्ल केसाच्या आत शिरतं आणि धुताना होणारी प्रथिनांची झीज कमी करतं, हे २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय संशोधनातून दिसून आलं. तेव्हा केसांना नुसतं खोबरेल चोळावं, न्हायला रिठा-शिकेकाई घ्यावी आणि हळद अंगासाठी ठेवावी.