अक्षर शोधायचं की फॉन्ट? फाइंड-रिप्लेसची पार्श्वभूमी

पुण्यात अप्पा बळवंत चौकाच्या आसपास डीटीपीची, म्हणजे संगणकावर छपाईसाठी पानं जुळवण्याची, कामं करणाऱ्यांना वर्डमधली एक सोय पाठ असते. 'फाइंड'च्या चौकटीत एकही अक्षर टाइप करायचं नाही. फक्त फॉन्ट निवडायचा, आणि त्या फॉन्टमधला मजकूर तेवढा बदलायचा. इंग्रजीत काम करणाऱ्याला ही चैन वाटेल. मराठीत बरीच वर्षं तिच्यावाचून अडत होतं.

सुरुवातीच्या एडिटरना, म्हणजे मजकूर लिहिण्या-बदलण्याच्या प्रोग्रॅमना, मजकूर दिसतो कसा, याच्याशी देणंघेणंच नव्हतं. केन थॉम्पसन यांनी क्यूईडी एडिटरमध्ये रेग्युलर एक्स्प्रेशन, म्हणजे अक्षरांचा साचा देऊन शोधायची पद्धत, आणली, १९६८मध्ये त्या शोधपद्धतीवर लेख लिहिला आणि पुढे युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमसाठी ईडी हा एडिटर तयार केला. तिथे शोध व्हायचा तो निव्वळ अक्षरांचा. अक्षरांचं रूप पडद्यावर आलं ते १९७४च्या सुमारास, झेरॉक्सच्या पालो आल्टोतल्या प्रयोगशाळेत घडलेल्या ब्राव्हो या एडिटरमध्ये. त्याच्या कर्त्यांपैकी बटलर लॅम्पसन मूळ क्यूईडीच्याही कर्त्यांपैकी, हा योगायोग गमतीचा आहे. दुसरे चार्ल्स सिमोनी. ते १९८१मध्ये मायक्रोसॉफ्टला गेले आणि १९८३मध्ये वर्ड बाजारात आलं. पुढे वर्डमध्ये ठळक, तिरपं, अमुक फॉन्ट असंही शोधता येऊ लागलं.

इकडे पुण्यात १९८८मध्ये सी-डॅक ही संगणक संशोधनाची सरकारी संस्था सुरू झाली. मॉड्युलर इन्फोटेक कंपनीचं श्री-लिपी हे भारतीय लिप्यांचं सॉफ्टवेअरही इथलंच. छपाईसाठी वापरात आलेल्या अशा फॉन्टांत इंग्रजी अक्षरांच्या कोडवर देवनागरीचे तुकडे बसवलेले असत. म्हणजे फाइलच्या पोटात सगळी रोमन अक्षरं आणि चिन्हं. त्यातलं मराठी कुठलं, हे सांगणारा एकटा फॉन्ट. सगळं सिलेक्ट करून फॉन्ट बदलला की मधल्या इंग्रजी शब्दांचा चुथडा ठरलेला. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षरांना स्वतःचे कोड देणाऱ्या पद्धतीत, नेण्यासाठी फक्त मराठी वेगळं काढायचं, तर फॉन्टवरूनच शोध घ्यावा लागे. शिवाय ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी साठवलेली, म्हणून हे रूपांतर करणाऱ्या कन्व्हर्टरला क्रमही उलटवावा लागे.

युनिकोडनं हा प्रश्न मिटवला, पण एक वेगळंच खुसपट ठेवलं. 'दुसऱ्या'मधला ऱ्य दोन प्रकारे टाइप होतो: नुक्त्याच्या ऱ ने, किंवा साधा र, हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह वापरून. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण साध्या शोधात एक दिलं तर दुसरं हमखास निसटतं. 'अ‍ॅ'चंही तेच; त्याला स्वतंत्र कोड मिळाला २००८मध्ये, तोवर तो अ आणि चंद्र जोडूनच लिहिला जाई. त्यामुळे जुनी फाइल हाती आली की रिप्लेस दोनदा चालवलेलं बरं.